अनुदान मिळतं म्हणजे नेमकं काय मिळतं?

धंदा सुरू करायचं मनात आलं की ओळखीतलं कोणीतरी हमखास सांगतं, "सरकारची योजना आहे की, पस्तीस टक्के माफ होतात." यात तथ्य आहे, पण एवढ्याच माहितीवर कर्ज काढणाऱ्यांची पुढे फार ओढाताण होते. महाराष्ट्रात छोट्या उद्योगांसाठी, बचत गटांसाठी, कारागिरांसाठी कितीतरी योजना आहेत. काही राज्याच्या, काही केंद्राच्या पण राज्याच्या यंत्रणेतून राबवल्या जाणाऱ्या. सगळ्यांची नावं आणि नियम पाठ करायची गरज नाही. त्यांचा गाभा मात्र समजायला हवा. यातली जवळजवळ कोणतीही योजना तुमच्या हातात रोख रक्कम ठेवत नाही. धंद्यात जो धोका असतो, त्यातला ठरावीक वाटा सरकार आपल्या अंगावर घेतं. कुठे कर्जाचा, कुठे व्याजाचा, कुठे महागड्या यंत्राचा, तर कुठे अडकलेल्या बिलाचा. आपल्या धंद्याला नेमका कोणता धोका जड जाणार आहे हे ठरलं की योजना निवडणं सोपं होतं.

सुरुवात जिल्हा उद्योग केंद्रापासून करावी. १९७८ साली देशभर ही केंद्रं सुरू झाली. उद्योजकाला परवानगी, कर्ज, जागा यांसाठी दहा कार्यालयांत फिरावं लागू नये हा त्यामागचा हेतू होता. आज प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी ते असतं आणि महाव्यवस्थापक त्याचे प्रमुख असतात. ग्रामीण भागासाठी याच्या जोडीला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं जिल्हा कार्यालय असतं. बरेच जण आधी एजंटकडे जातात आणि मग इथे येतात. माझं सांगणं आहे की क्रम उलटा ठेवा. योजनेची माहिती इथे फुकट मिळते, आणि मूळ शासन निर्णय मराठीत, राज्य शासनाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. योजनांच्या मर्यादा आणि अटी अधूनमधून बदलतात. म्हणून अर्ज करायच्या आधी ताजा शासन निर्णय स्वतः वाचावा. भाषा जड असते, पण तासाभरात डोक्यात शिरते.

आठ लाखांचा हिशेब

राज्याची सगळ्यात जास्त चर्चा होते ती योजना म्हणजे मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. २०१९ मध्ये ती सुरू झाली. केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा साचा तिला आहे. हा साचा एकदा कळला की इतर अनेक योजनाही कळतात, म्हणून इथे जरा थांबू.

प्रकल्पाच्या खर्चाचे तीन वाटे होतात: तुमचा स्वतःचा, सरकारच्या अनुदानाचा आणि बँकेच्या कर्जाचा. सर्वसाधारण प्रवर्गातल्या अर्जदाराने १० टक्के घालायचे. त्याला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वर्ग, भटके विमुक्त, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक यांनी ५ टक्केच घालायचे आणि त्यांना शहरात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान. उरलेला सगळा भाग बँकेचा.

समजा, एका गावातल्या ताईंना मसाला कांडपाचं युनिट टाकायचं आहे. यंत्रं, वीजजोडणी, पॅकिंग आणि सुरुवातीचा कच्चा माल मिळून ८ लाख रुपये लागणार आहेत. त्यांचा वाटा ५ टक्के, म्हणजे ४० हजार. अनुदान ३५ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार. बँकेचे ६० टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजार.

इथवर सगळे सांगतात. पुढचं मात्र फारसं कोणी सांगत नाही. हे २ लाख ८० हजार ताईंच्या हातात येत नाहीत. ते बँकेकडे येतात आणि त्यांच्या कर्जाच्या नावे तीन वर्षं बाजूला अडकवून ठेवले जातात. तेवढ्या रकमेवर ताईंना व्याज मिळत नाही, आणि तोवर अनुदानाच्या वाट्यासकट दिलेल्या कर्जाच्या तेवढ्या भागावर बँकही व्याज लावत नाही. तीन वर्षांनी युनिट खरोखर चालू आहे का याची पाहणी होते, कर्ज थकलेलं नाही हे बघितलं जातं आणि मगच ती रक्कम कर्जातून वळती होते. मध्येच शटर खाली आलं, तर अनुदान परत जाऊ शकतं आणि कर्जाचा सगळा भार अर्जदारावर येतो.

आता हप्ता काढू. व्याज ११ टक्के आणि मुदत ५ वर्षं धरली, तर ४ लाख ८० हजारांचा महिन्याचा हप्ता साधारण १० हजार ४०० रुपये येतो. अनुदान नसतं, तर ७ लाख ६० हजारांवर तो साधारण १६ हजार ५०० रुपये आला असता. म्हणजे सरकारने ताईंना दिलं काय? तर महिन्याला सहा हजारांच्या आसपासचा दिलासा, तोही पुढे धंदा चालू ठेवला तर. हा दिलासा मोठा आहे, सुरुवातीच्या काळात तो जीवदान ठरू शकतो. पण १० हजार ४०० रुपये दर महिन्याला भरायचे आहेतच. वीज, मजुरी, कच्चा माल, पिशव्या आणि घरखर्च भागवून हे पैसे उरतील का, हा पहिला प्रश्न. अनुदान किती टक्के, हा त्यानंतरचा.

म्हणून प्रकल्प अहवाल दुसऱ्याकडून आयता करून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. बाजारात तयार अहवाल विकत मिळतात. त्यात विक्रीचे आकडे इतके गोंडस असतात की बँकेच्या अधिकाऱ्याला पहिल्याच पानावर शंका येते. त्यापेक्षा जवळच्या दहा दुकानदारांना विचारा की महिन्याला किती किलो मसाला खपतो, कोणत्या भावाने घेता, पैसे रोख देता की उधारीवर. ही उत्तरं साध्या कागदावर मांडली तरी तो अहवाल वजनदार होतो. अर्जदाराला उद्योजकता प्रशिक्षणही घ्यावं लागतं. लोक ते प्रमाणपत्रासाठी उरकतात. तिथे खेळत्या भांडवलाचा जो भाग शिकवतात, तो मात्र नीट ऐकावा. छोटे धंदे यंत्राअभावी फारसे बंद पडत नाहीत. माल विकला, पण पैसे यायला दोन महिने लागले आणि मधल्या काळात कच्चा माल घ्यायला हातात काही उरलं नाही, अशाने पडतात.

खाद्यपदार्थांच्या धंद्यात असाल तर आणखी एक वाट आहे. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्र पुरस्कृत योजना २०२० साली आली. खर्च केंद्र आणि राज्य ६० : ४० वाटून घेतात आणि महाराष्ट्रात ती कृषी विभाग राबवतो. तिथे प्रवर्ग कोणताही असला तरी प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे. स्वतःचा वाटा १० टक्के. ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण प्रवर्गातल्या माणसाला ही योजना २५ टक्क्यांपेक्षा साहजिकच जास्त फायद्याची. आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम नव्या उद्योगासाठी आहे, तर ही योजना आधीपासून चालू असलेलं युनिट वाढवायलाही मदत करते. घरात वर्षानुवर्षं पापड, लोणची, चटण्या करणाऱ्यांना हा फरक कळायला हवा.

बँक "नाही" म्हणते तेव्हा

योजनेची शिफारस मिळाली म्हणजे कर्ज मंजूर झालं असं होत नाही. जिल्हा उद्योग केंद्र अर्ज तपासून बँकेकडे पाठवतं. पैसे द्यायचे की नाही हे बँक ठरवते. अर्ज सर्वाधिक अडतात ते इथेच. बँकेची बाजूही समजून घ्यायला हवी. कर्ज बुडालं तर शाखा व्यवस्थापकाला उत्तर द्यावं लागतं, आणि अनुदान उचलून धंदा बंद करणारे लोक त्यांनी पाहिलेले असतात.

हाच धोका कमी करण्यासाठी २००० साली पत हमी निधी उभा राहिला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला तारणाशिवाय दिलेलं कर्ज बुडालं, तर ठरावीक हिस्सा हा निधी बँकेला भरून देतो. त्यासाठी शुल्क लागतं. अनेकांचा असा समज होतो की हमी आहे म्हणजे आपली जबाबदारी संपली. तसं नाही. हमी बँकेला असते. कर्जदाराचं कर्ज त्याच्या डोक्यावर तसंच राहतं. शिवाय सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०१० पासून बँकांना सांगितलेलं आहे. शाखेत घराचे किंवा शेताचे कागद मागितले, तर शांतपणे या सूचनेचा उल्लेख करावा.

व्याज परताव्याच्या योजना वेगळ्या पद्धतीने चालतात. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ १९९८ सालचं. त्याच्या वैयक्तिक योजनेत आधी महामंडळाकडून पात्रता प्रमाणपत्र घ्यायचं, ज्याला सगळे एलओआय म्हणतात. मग बँकेकडून कर्ज घ्यायचं, हप्ते वेळेवर भरायचे, आणि भरलेल्या हप्त्यातलं व्याज महामंडळ मर्यादेत राहून खात्यात परत देतं. हप्ता चुकला तर त्याचं व्याज मिळत नाही. ही रचना शिस्त लावते हे खरं. पण आधी भरायला पैसे हवेत, परतावा नंतर येतो. त्यामुळे ज्याच्याकडे दोन-तीन हप्त्यांची तरतूद आहे त्यालाच ती नीट पेलते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ, वसंतराव नाईक महामंडळ, इतर मागासवर्गीय वित्त महामंडळ यांच्या योजनांमध्ये बीजभांडवल (म्हणजे धंदा सुरू करायला दिलेली सुरुवातीची रक्कम), थेट कर्ज, व्याज परतावा असे वेगवेगळे प्रकार आहेत. प्रत्येकाकडे विचारायचं ते सारखंच: पैसा आधी मिळतो की नंतर, आणि कोणाच्या खात्यात?

वहीची ताकद

एकट्याने उभं राहणं ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी दुसरी मोठी वाट आहे आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ साली आंतरराष्ट्रीय महिला वर्षात स्थापन झालं. त्यानंतर २०११ मध्ये राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं, ज्याला सगळे 'उमेद' म्हणून ओळखतात. दोन्हींचा पाया एकच: साधारण दहा ते वीस जणींचा बचत गट.

गटाला पहिल्या दिवशी काहीच मिळत नाही, आणि ते जाणूनबुजून तसं ठेवलेलं आहे. आधी पंचसूत्री पाळायची: नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि हिशेबाच्या वह्या अद्ययावत. काही महिने हे नीट चाललं की गटाची प्रतवारी होते आणि फिरता निधी, म्हणजे आपसात कर्जाऊ फिरवायची रक्कम, मिळतो. राज्याने २०२३ मध्ये तो १५ हजारांवरून ३० हजार रुपये केला. पुढे गटांना कर्जाऊ मिळणारा समुदाय गुंतवणूक निधी, आणि मग बँकेचं कर्ज. गटांना १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागायचं नसतं.

शेतजमीन नावावर नाही, घर नावावर नाही, पगाराची पावती नाही, अशा बाईला बँक एरवी कर्ज देत नाही, कारण तिच्याबद्दल बँकेला काहीच माहीत नसतं. गटाची वही ती माहिती पुरवते. कोणी किती वेळा घेतलं, कधी फेडलं, कोण बैठकीला आलं नाही, सगळं तिथे लिहिलेलं. जामीन म्हणून उभी राहते ती ही नोंद, आणि तिच्यामागे शेजारणींची एकमेकींवरची नजर. असे गट एकत्र येऊन ग्रामसंघ होतो, ग्रामसंघांचा प्रभागसंघ होतो. माविमच्या रचनेत याच धर्तीवर लोकसंचालित साधन केंद्रं आहेत. ती महिलाच चालवतात आणि सेवांसाठी शुल्क घेऊन आपला खर्च भागवायचा प्रयत्न करतात.

याची कमजोर बाजूही सांगायला हवी. गटातलं बरंचसं कर्ज आजारपण, शाळेची फी, घरदुरुस्ती यांत जातं. त्यात वाईट काही नाही. सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. पण धंद्यासाठी लागणारी उडी अशा छोट्या रकमांतून होत नाही. पन्नास गटांनी पन्नास चवींचे पापड केले, तर एकाही दुकानाला सारखा माल सतत मिळत नाही. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत विक्री जोरात होते, कौतुक होतं, पण वर्षाचे उरलेले महिने विकायचं कुठे हा प्रश्न उरतोच. सरकारने आता सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं ते इथे, असं माझं ठाम मत आहे. कर्ज पोहोचवण्याची वाट चांगली तयार झाली आहे. माल बाहेर नेण्याची वाट अजून अरुंद आहे. अन्न प्रक्रिया योजनेत गटातल्या प्रत्येक सदस्याला ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळतं. ते वेगवेगळं न वापरता ग्रामसंघाच्या पातळीवर एक पॅकिंग, एक दर्जा, एक नाव यासाठी वापरलं, तर त्याचा उपयोग कितीतरी पटींनी वाढेल.

एकट्याला न परवडणारं यंत्र

समूह विकास, म्हणजे क्लस्टरची कल्पना याच अडचणीतून आली. एका भागात एकाच धंद्यातली शंभर छोटी युनिट्स असतात. प्रत्येकाला चाचणी प्रयोगशाळा हवी, महागडं यंत्र हवं, पण दिवसातून तासभरच लागतं. स्वतंत्रपणे घेणं कोणालाच परवडत नाही. मग ते मिळून एक कंपनी काढतात, सरकार सामूहिक सुविधा केंद्राच्या खर्चाचा मोठा भाग अनुदान म्हणून देतं, उरलेला सदस्य घालतात. केंद्राची अशी योजना आहेच. महाराष्ट्राने २०१४ मध्ये स्वतःचा औद्योगिक समूह विकास कार्यक्रम सुरू केला, जेणेकरून केंद्राच्या निकषांत न बसणाऱ्या छोट्या समूहांनाही मदत व्हावी.

फौंड्रीचं उदाहरण घ्या. ओतकामात साचे बनवायला वाळू लागते, आणि वापरलेल्या काळ्या वाळूचं करायचं काय हा मोठा प्रश्न असतो. टाकायला जागा नाही, नवी वाळू महाग. एका फौंड्रीला वाळू शुद्ध करून पुन्हा वापरण्याचं यंत्र बसवणं झेपत नाही. कोल्हापूरच्या फौंड्री क्लस्टरने असा प्रकल्प एकत्र येऊन केला. पर्यावरणाचा प्रश्न आणि खर्चाचा प्रश्न एकाच ठिकाणी हाताळता येतो तो असा.

क्लस्टर अडतात ते पैशापेक्षा माणसांमुळे. कालपर्यंत एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारे लोक एका कंपनीत संचालक होतात. जागा कोणाच्या भागात घ्यायची, यंत्र आधी कोणी वापरायचं, दर काय ठेवायचा, यावर वर्षं जातात. केंद्र उभं राहिल्यावर ते चालवायला पूर्णवेळ व्यवस्थापक लागतो. त्याचा पगार वापराच्या शुल्कातून निघेल का, हे आधीच लिहून ठरवलेलं बरं.

मोठ्या गुंतवणुकीसाठी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. १९६४ पासून ती वेगवेगळ्या रूपांत चालत आली आहे. तालुक्यांचे अ, ब, क, ड असे गट पाडलेले असतात. तालुका जितका मागास, तितकी सवलत जास्त. वस्तू व सेवा कराचा परतावा, व्याज अनुदान, वीजशुल्क माफी, मुद्रांक शुल्कात सूट असं त्याचं स्वरूप. नवं युनिट कुठे टाकायचं हे अजून ठरलं नसेल, तर आपला तालुका कोणत्या गटात येतो ते जागा घेण्याआधी पाहावं.

विकलेल्या मालाचे पैसे

एक रुपयाचंही अनुदान नसलेली एक मदत अशी आहे, जी माझ्या मते छोट्या उत्पादकाला सगळ्यात उपयोगाची आहे आणि सगळ्यात कमी वापरली जाते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. दाद मागण्यासाठी राज्य सरकारने सुलभता परिषदा नेमल्या आहेत आणि तक्रार ऑनलाइन करता येते. परिषदेच्या निर्णयाला खरेदीदाराला आव्हान द्यायचं असेल, तर त्याला आधी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते. एप्रिल २०२४ पासून आयकराचा नियमही याच्या बाजूने आला आहे: ठरलेल्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो.

याचा आधार हवा असेल, तर उद्यम नोंदणी, म्हणजे आपला उद्योग सूक्ष्म किंवा लघु असल्याची केंद्र सरकारकडची नोंद, माल देण्याच्या आधी झालेली असायला हवी. ही नोंदणी जुलै २०२० पासून सुरू आहे आणि पूर्ण मोफत आहे. आधार आणि पॅन असलं की ती घरबसल्या होते. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या खाजगी संकेतस्थळांवर लोक शेकडो, हजारो रुपये भरतात, ते थांबायला हवं. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनाही २०२१ पासून उद्यम नोंदणी करता येते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या, म्हणजे बँकांनी ठरावीक प्रमाणात द्यायच्याच अशा कर्जापुरती. उशिरा पैसे मिळाल्याबद्दलचं हे संरक्षण त्यांना मिळत नाही.

या सगळ्यात नकार येईल, हे धरूनच चालावं. बँकेने अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी उत्तरावर परत येऊ नका. लेखी कारण हातात असलं की जिल्हा उद्योग केंद्राच्या महाव्यवस्थापकांकडे जाता येतं, जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय करणाऱ्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांकडे जाता येतं आणि विषय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या आढावा बैठकीपर्यंत नेता येतो. कारण दुरुस्त होण्यासारखं असेल, जसं की जुन्या कर्जाचा थकलेला हप्ता किंवा अहवालातला अवास्तव आकडा, तर तेवढं नीट करून दुसऱ्या शाखेत पुन्हा अर्ज करा. अर्जाचा क्रमांक, दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आणि पोच घेतल्याची तारीख एकाच फाइलमध्ये ठेवा.